पारा चढला की शर्यत बंद

जानेवारीतली सकाळ. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांच्या पायथ्याशी, लॉक मॉर्लिक तळ्याकाठच्या पाइनच्या जंगलात शेकडो कुत्री एकदम गळा काढत असतात. हे आपल्या गल्लीतलं भुंकणं नव्हे. मान वर करून लावलेला लांबलचक सूर, मध्येच किंकाळी, मध्येच चारही पाय हवेत उचलून मारलेली उडी, पट्ट्याला बसलेला हिसका. नवख्या माणसाला वाटावं, इथे काहीतरी भयंकर चाललंय. एकेका टीमला सुरुवातीच्या रेषेपर्यंत आणायला दोन-तीन माणसं लागतात, कारण जुंपलेली कुत्री एकट्याला आवरत नाहीत. मागे तीनचाकी गाडीवर चालक ब्रेक आवळून उभा. उलटी गणती संपते, ब्रेक सुटतो आणि त्याच क्षणी त्या टीमचा आवाज बंद होतो. मग ऐकू येते ती फक्त खडीवरची पावलं आणि चाकांची घरघर. वळणाआड टीम दिसेनाशी होते. तोवर पुढची टीम रेषेवर येऊन ओरडू लागलेली असते.

एव्हिमोर गावाजवळ ग्लेनमोरच्या जंगलात ही रॅली १९८४ पासून भरते. भरवतो सायबेरियन हस्की क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन. ब्रिटनमधली या प्रकारातली सर्वांत मोठी रॅली हीच. नाव स्लेज कुत्र्यांचं. पण बर्फ पडलेला असेल तरच स्लेज, नाहीतर चाकांची गाडी. आणि बर्फाचा भरवसा डोंगरातल्या स्कॉटलंडमध्येही उरलेला नाही. खाली इंग्लंडात थेटफर्ड, शेरवूड पाइन्स, किल्डर या जंगलांमध्ये रॅल्या होतात, तिथे तर चाकं गृहीतच धरलेली. ही जंगलंही अनादी काळापासूनची नव्हेत. पहिल्या महायुद्धात लाकडाचा तुटवडा पडला म्हणून ब्रिटिश सरकारने १९१९ मध्ये वनीकरण आयोग नेमला आणि पुढच्या काही दशकांत माळरानांवर पाइन-स्प्रूसच्या ओळी लावल्या. लाकडाचे ट्रक जावेत म्हणून त्यातून खडीचे रस्ते काढले. त्या रस्त्यांवर आता हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी सायबेरियाची कुत्री तीनचाकी ओढत धावतात.

चित्र थोडं हास्यास्पद आहे, हे कबूल करायला हवं. ध्रुवप्रदेशाचं जनावर, चिखलाने माखलेली गाडी, डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर रेनकोट घातलेला एखादा शिक्षक किंवा नळदुरुस्ती करणारा. जिंकलं तर चषक, रंगीत फीत, फार तर कुत्र्यांच्या खाद्याची पिशवी. टीव्हीवर थेट प्रक्षेपण नाही, सट्टा नाही. तरीही प्राण्यांच्या शर्यतींवरून जगभर, आणि महाराष्ट्रात तर जरा जास्तच, जो वाद चालतो, त्यात या फाटक्या खेळाकडे नीट पाहायला हवं. कारण शर्यत कधी थांबवायची, हे त्याला कळतं.

सगळं अडतं ते थर्मामीटरवर. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा ओलावा सुटतो, तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून, जीभ आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून. हवा दमट असली की ही वाफ नीट होत नाही आणि उष्णता आतच कोंडते. त्यात हस्कीच्या अंगावर केसांचा दुहेरी थर: आत दाट, मऊ लोकर आणि वर राठ केस. उणे तीस अंशांत बर्फावर वेटोळं करून झोपता यावं, यासाठी ही सोय. असं जनावर जीव तोडून ओढू लागलं की स्नायूंतून निघणारी उष्णता एवढी असते, की माणसाला हुडहुडी भरवणारी हवाही त्याला गरम वाटते. बारा अंश म्हणजे पुण्याच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर छापण्याजोगी थंडी. हस्कीच्या हिशेबात तो उन्हाळ्याचा उंबरठा.

म्हणून ब्रिटनमधला हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. शर्यती सकाळी लवकर. पारा आणि आर्द्रता दोन्ही मोजायची. पारा पंधरा अंशांच्या आसपास जाऊ लागला की अंतर कमी करायचं नाहीतर शर्यतच रद्द करायची, असा क्लबांचा शिरस्ता आहे; हवा दमट असेल तर त्याआधीच. ऑक्टोबरमध्ये असं होतं की रात्रभर व्हॅन हाकून मंडळी जंगलात पोचतात, पहाटे कुत्र्यांना पाणी पाजतात, गाड्या उतरवतात आणि आठ वाजता निरोप येतो की आज काही नाही. कुरकुर होते. चहा होतो. कुत्री पुन्हा व्हॅनमध्ये चढतात.

ही साधी वाटणारी गोष्ट या खेळाचा कणा आहे, आणि तो कुत्र्याच्या स्वभावामुळे गरजेचा ठरतो. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांना धावायला आवडतं, यात शंका घ्यायला जागा नाही. सुरुवातीच्या रेषेवरचा तो आकांत पाहिलेल्या माणसाला पुरावा वेगळा द्यावा लागत नाही. या शर्यतींचे समर्थक नेमकं इथेच थांबतात: बघा, त्यांनाच हौस आहे. पण ही हौस अशी आहे की तिला स्वतःचा लगाम नाही. न थांबणारं जनावर हवं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. थकवा, ऊन, रक्ताळलेला पंजा या कशापायीही काही कुत्री वेग कमी करत नाहीत. कोसळतात तेव्हाच कळतं. कुत्र्याची हौस म्हणजे त्याची संमती नव्हे. उलट, ती हौस जितकी मोठी, तितकी थांबवण्याची जबाबदारी माणसावर जास्त.

त्या जनावराची ताकद किती, हेही पाहण्यासारखं आहे. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची लोकांनी हस्कीचे पूर्वज पाळले. आकार मध्यम, पूर्ण वाढलेला नर वीस ते सत्तावीस किलोंचा, म्हणजे आपल्याकडच्या लॅब्राडॉरहून हलका. अवजड ओझं थोडं अंतर न्यायचं काम त्याचं नव्हे. हलकं ओझं, मध्यम वेगाने, फार दूर न्यायचं. वजनाच्या हिशेबात शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं, हे दमसासाचं माप मानलं, तर तयारीतली स्लेज कुत्री ऑलिंपिकच्या उत्तम धावपटूच्या दुपटीहून पुढे जातात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एकेक कुत्रं दिवसाला दहा हजार कॅलरींच्या घरात खर्च करतं. माणूस अशा श्रमांनी दिवसेंदिवस खचत जातो. ही कुत्री पहिल्या दिवसांनंतर उलट स्थिरावतात, शरीर इंधन जाळायची पद्धतच बदलतं. शास्त्रज्ञांना याचं कुतूहल वाटतं ते उगाच नाही. आणि हे नातं जुनं आहे: सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव बेटावर सापडलेल्या साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या कुत्र्याच्या जनुकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आजच्या स्लेज कुत्र्यांशी त्याचं जवळचं नातं दिसून आलं.

गाडी चालवायची कशी, हे कळलं की या खेळातला माणसाचा वाटाही कळतो. हातात लगाम नसतो. मधोमध एक मुख्य दोर, त्याला दोन्ही बाजूंनी जोड्या बांधलेल्या. सर्वांत पुढे म्होरके, ते बुद्धीने निवडलेले. सर्वांत मागे, गाडीला लागून, दांडगी कुत्री, कारण वळणावर गाडीचा हिसका पहिल्यांदा त्यांनाच बसतो. चालकाला म्हणजे मशरला सगळा कारभार आवाजावर करावा लागतो. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, ‘हाइक’ म्हणजे निघा, ‘ऑन बाय’ म्हणजे तिकडे बघू नका, पुढे चला. समोरून ससा पळाला तर हे सगळं शिक्षण किती पक्कं होतं, ते दोन सेकंदांत समजतं. मागून वेगवान टीम आली आणि तिच्या मशरने हाक दिली की पुढच्याने वाट द्यायची. चढावर मशरने उतरून गाडी ढकलायची. चाबूक नाही. ज्याची कुत्री ऐकत नाहीत, त्याच्याजवळ दुसरा उपायच नसतो. पुढच्या हंगामापर्यंत घरी बसून पुन्हा शिकवायचं.

छोट्या पल्ल्याच्या शर्यतींमधला एक नियम तर फ्रेम करून लावावा असा आहे: जितकी कुत्री घेऊन निघालात, तितकी घेऊनच परत यायचं. एखादं लंगडलं तर त्याला गाडीवर घ्या, वेळ जाऊ द्या; पण मागे सोडायचं नाही.

लांब पल्ल्याच्या शर्यतींचं गणित वेगळं आहे. अलास्कातली आयडिटरॉड ही त्यांतली सर्वांत नामांकित. १९७३ पासून चालू, अँकरेज ते नोम, सुमारे सोळाशे किलोमीटर. पहिल्या वर्षीच्या विजेत्याला वीस दिवस लागले होते. २०१७ मधला विजेता सव्वाआठ दिवसांच्या आत पोचला. त्या वर्षी वाट थोडी वेगळी होती, पण हवामान तितकंच खडतर; मुख्यतः बदलली ती कुत्र्यांची पैदास, आहार, सराव आणि अर्थात ईर्षा. नियमानुसार निघताना जास्तीत जास्त सोळा कुत्री, आणि नोमच्या रेषेवर किमान पाच जुंपलेली असली तरी चालतं. मधली थकलेली किंवा दुखावलेली कुत्री वाटेवरच्या ठाण्यांवर सोडली जातात, पशुवैद्य त्यांना तपासतात, विमानाने परत पाठवलं जातं. सक्तीची विश्रांती असते, त्यात एक सलग चोवीस तासांची. हे सगळं खरं आणि त्यामागची मेहनतही खरी. पण सोळांतले पाच उरले तरी चालतील, असं गृहीत धरणारी शर्यत आणि सगळे परत आले तरच मोजणारी शर्यत, या दोन वेगळ्या वृत्ती आहेत.

२०२४ च्या आयडिटरॉडमध्ये तीन कुत्री धावता धावता मेली. त्याआधीची काही वर्षं मृत्यूविना गेली होती, त्यामुळे आयोजकांना हा धक्का जास्त बसला. प्रायोजक तर त्याआधीच पांगू लागले होते: २०१७ मध्ये वेल्स फार्गो बँक, २०२० मध्ये अलास्का एअरलाइन्स, २०२१ मध्ये एक्सॉनमोबिल. प्राणिप्रेमी संघटनांचा दबाव त्यामागे होताच. गंमत अशी की पैसा आला म्हणून शर्यत मोठी झाली, मोठी झाली म्हणून ती थांबवणं महाग झालं, आणि थांबत नाही म्हणून पैसा निघून चालला.

आयडिटरॉडला ज्या आठवणीचा आधार आहे, ती १९२५ ची. नोममध्ये घटसर्पाची साथ, विमानं उडू शकत नाहीत, आणि रेल्वेच्या शेवटच्या टोकापासून नोमपर्यंत सुमारे अकराशे किलोमीटर. वीस मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्री यांनी पाच-साडेपाच दिवसांत घटसर्पावरचं प्रतिविष हातोहात पोचवलं. शेवटच्या टप्प्यातला बाल्टो नावाचा कुत्रा जगप्रसिद्ध झाला; त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा बसला. सर्वांत लांब आणि धोक्याचा टप्पा, गोठलेल्या समुद्रावरून, पार केला होता तो टोगोच्या टीमने. टोगो तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला न्यू यॉर्कमध्ये पुतळा मिळायला २००१ उजाडलं. शर्यतींच्या जगात शेवटच्या रेषेवर दिसतो त्यालाच हार, ही खोड जुनीच.

पण मुद्दा वेगळा आहे. १९२५ मध्ये तिथे मुलं मरत होती. कुत्र्यांना जिवावर उदार करायला कारण होतं. दक्षिण ध्रुवाकडे जाताना अमुंडसेनने १९११ मध्ये बावन्न कुत्री नेली आणि अकरा परत आणली. वाटेत बरीच मारून उरलेल्यांना आणि माणसांना खाऊ घालायची, हा आराखड्याचाच भाग होता. त्या हिशेबाबद्दल आज अंगावर काटा येतो, पण तो हिशेब उघड होता. अमेरिकेत मिनेसोटातल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या जंगलातून जॉन बेअरग्रीज नावाचा ओजिब्वे टपालवाला १८७९ पासून वीस वर्षं हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने पत्रं पोचवत होता. रस्ता नव्हता, पत्रं होती. त्याच्या नावाने आज त्याच भागात मॅरेथॉन शर्यत होते. २०२४ मध्ये बर्फच पडला नाही म्हणून ती रद्द करावी लागली.

आज कुठेही औषध कुत्र्यांवाचून अडलेलं नाही. टपाल ट्रकने जातं. अंटार्क्टिकात तर परकी जनावरं नकोत म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार १९९४ मध्ये शेवटची स्लेज कुत्रीही हलवली गेली. त्यांत ब्रिटिश तळावरचीही होती. म्हणजे आता जे काही धावणं आहे, ते माणसाच्या हौसेसाठी आणि कुत्र्याच्या हौसेसाठी. गरज संपली की जोखमीची मर्यादाही खाली यायला हवी. जंगलातल्या रॅल्यांनी ती खाली आणली, हजार मैलांच्या शर्यतींनी ती तितकीशी आणली नाही. या लेखाचा कल कुठे आहे ते यातून स्पष्ट व्हावं.

रॅलीवाल्यांनाही सगळं माफ नाही. पहिला आक्षेप जंगलाचा. ग्लेनमोर आणि आसपासच्या पाइनच्या रानात कॅपरकेली हा टर्कीएवढा रानकोंबडा राहतो. पूर्ण ब्रिटनमध्ये तो स्कॉटलंडातच उरला आहे आणि संख्या पाचशेच्या घरात. माणसं आणि कुत्री यांची वर्दळ त्याला सोसत नाही. रॅली जानेवारीत, विणीच्या हंगामाच्या बऱ्याच आधी होते आणि ट्रकच्या रस्त्यांवरूनच जाते, हा बचाव रास्त आहे. पण एक रॅली झाली की तिचं पाहून वर्षभर सरावाला येणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने रानावनात फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, पण जबाबदारीच्या अटीवर. ती अट पहाटे सहा वाजता, कुणी बघत नसताना, पाळली जाते का, हे शेवटी त्या माणसावर अवलंबून. (त्याच डोंगरात १९५२ पासून रेनडिअरचा कळपही चरतो; स्वीडनहून आलेल्या मिकेल उत्सी या सामी माणसाने तो आणून सोडला. एव्हिमोरला उत्तरेची पाहुणी जनावरं नवीन नाहीत.)

दुसरा आक्षेप जास्त बोचरा. रॅलीचे फोटो देखणे असतात. निळे डोळे, पांढरं-काळं तोंड, पाइनमधून येणारी तिरपी उन्हं. ते पाहून हस्की विकत घेणाऱ्यांना ना दोर ठाऊक असतो ना थर्मामीटर. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतल्या लांडग्यांसारखं दिसतं म्हणून ब्रिटन-अमेरिकेत हस्कीची मागणी वाढली आणि मग सोडून दिलेल्या हस्कींनी आश्रयगृहं भरू लागली. इतकी, की मालिकेतला अभिनेता पीटर डिंकलेज याला २०१७ मध्ये जाहीर आवाहन करावं लागलं: हस्की विकत घेऊ नका, पाळायचंच असेल तर आश्रयगृहातलं घ्या. ब्रिटनमधल्या रॅल्यांमध्ये धावणाऱ्या कुत्र्यांत अशी टाकून दिलेली, पुन्हा घर मिळालेली कुत्रीही असतात. हा या खेळाचा न सांगितला जाणारा चांगुलपणा. सोसायटीत सोफा फाडणारं कुत्रं जंगलात दोराला जुंपलं की एकदम शहाणं होतं.

महाराष्ट्राचा संबंध इथे सरळ येतो. मुंबई, पुणे, नागपूरच्या फ्लॅटमध्ये हस्की आहेत, आणि थोडेथोडके नाहीत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पैदाशीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्री आणण्यावर बंदी घातली. पण जी आधीच आली होती, त्यांची पिल्लं होत राहिली. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर एसीच्या झोतात फरशीला पोट लावून पडलेला हस्की, संध्याकाळी साडेसातला तापलेल्या डांबरावर दहा मिनिटांची फेरी, रील्ससाठी डोळ्यांचा क्लोजअप. त्याला कुणी चाबूक मारत नाही. उपाशीही ठेवत नाही. कायद्याच्या व्याख्येत बसणारी क्रूरता त्यात शोधून सापडणार नाही. पण दिवसाला शंभर किलोमीटर धावायला घडवलेल्या शरीराला दहा मिनिटं देणं याला दुसरं काय म्हणायचं? थेटफर्डच्या चिखलात तीनचाकी ओढणारा हस्की या हस्कीपेक्षा कैक पटींनी बरं आयुष्य जगतो.

यावर उपाय म्हणून इथे हस्कींच्या शर्यती सुरू करा, असं कुणी सुचवू नये. जमैकाने मात्र एक मजेशीर वाट काढली होती. त्या उष्ण बेटावर या शतकाच्या पहिल्या दशकात स्लेज कुत्र्यांची टीम उभी राहिली, चाकांच्या गाडीवर, आणि कुत्री घेतली ती प्राणिरक्षण संस्थेतली, रस्त्यावरून आणलेली. हवेला सरावलेली, आखूड केसांची. न्यूटन मार्शल हा त्यांचा मशर पुढे उत्तरेत जाऊन २०१० ची आयडिटरॉडही धावून आला आणि सत्तेचाळिसावा आला; तिथे अर्थात कुत्री तिथलीच होती. स्थानिक हवेला स्थानिक कुत्रं, एवढं साधं शहाणपण. आपल्याकडची गावठी कुत्री याबाबतीत जमैकाच्या कुत्र्यांच्या तोडीस तोड आहेत. कुत्र्याचा पट्टा कमरेला बांधून माणसाने सोबत पळायचं, हा कॅनिक्रॉस नावाचा प्रकार युरोपात जोरात आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो इथेही करण्यासारखा आहे, आणि त्याला निळ्या डोळ्यांची गरज नाही.

दुसरा धागा बैलगाडा शर्यतींचा. त्याला हात न घालता प्राण्यांच्या शर्यतीवर मराठीत लिहिणं म्हणजे लपाछपी. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. कायदेशीर वाद तिथे संपला. चाबूक, काठी, शेपटी पिरगाळणं, विजेचा झटका यांना बंदी आहे, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शेतकऱ्याचं बैलावर प्रेम असतं, खिल्लार जात शर्यतींमुळे टिकली, हा युक्तिवाद पोकळ नाही. बैलाला पळायची ऊर्मी असते, हेही शर्यतीच्या घाटात उभं राहिलेल्या कुणालाही दिसतं. स्लेजवाल्यांचा युक्तिवाद शब्दशः हाच आहे. आणि त्याला जे उत्तर, तेच याला: ऊर्मी आहे म्हणूनच थांबवणारा माणूस हवा.

फरक पैशात पडतो. ग्लेनमोरची रॅली रद्द झाली तर बुडतो तो लोकांचा शनिवार-रविवार आणि डिझेलचा खर्च. आपल्याकडे शर्यतीला बक्षीस म्हणून ट्रॅक्टर, मोटारी, लाखांच्या रकमा लागतात, व्यासपीठावर आमदार-खासदार, फ्लेक्सवर भावी नगरसेवक, घाटाच्या दोन्ही बाजूंना हजारोंची गर्दी. अशा वेळी दुपारी एक वाजता एखादा पशुवैद्यक उठून म्हणाला, की आता पुरे, जनावरं तापली आहेत, तर त्याचं ऐकणार कोण? त्याच्या हातात नियम असला तरी तोंडात जोर कुठून येणार? पशुवैद्यकाला हा जोर ज्या व्यवस्थेतून मिळतो, ती व्यवस्था छोट्या बक्षिसांनी आणि छोट्या गर्दीने उभी राहते. बक्षिसाला कमाल मर्यादा घालावी, ही मागणी म्हणून भावनेची नाही, व्यवहाराची आहे.

आणि पारा. पुणे, सातारा, सांगलीकडच्या जत्रा बहुतांशी चैत्र-वैशाखात. म्हणजे बैल पळतात ते वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात. बैलाला कुत्र्यापेक्षा जास्त घाम येतो, खिल्लार उन्हाला काटकही आहे. तिथे पंधरा अंशांचा आकडा कुणी मागणार नाही. पण कुठला तरी आकडा असायला हवा, आणि तो पशुवैद्यक महाविद्यालयांनी देशी जनावरांवर मोजून ठरवायला हवा. त्या आकड्यावर परवानगीची वेळ ठरावी: फेऱ्या सकाळी, दुपारी विश्रांती, उरलेल्या पुन्हा उन्हं कलल्यावर. घाटात सावलीत टांगलेला थर्मामीटर, त्याची दर तासाची नोंद आणि त्यावर सही करणारा, आयोजकांचा मिंधा नसलेला माणूस. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीपत्रात दोन ओळी वाढवल्या तरी येत्या चैत्रापासून सुरुवात करता येईल.